मुठीतलं पन्नास ग्रॅम

अण्णा, पन्नास ग्रॅमचं वजन माझ्याकडे आहे.

हॉस्पिटलमधून निघताना नर्सने तुमचा चष्मा, घड्याळ आणि कवळी एका पिशवीत घालून निखिलच्या हातात दिली. आम्ही दारापर्यंत पोचलो तेवढ्यात ती मागून धावत आली. "भैया, ये भी रह गया. बाबूजी की मुट्ठी में था, छोड़ ही नहीं रहे थे." निखिल तुमचा सख्खा मुलगा, पण त्याला कळेना हे काय आहे. त्याला वाटलं, देवातलं काही असेल. मी मात्र बघताक्षणी ओळखलं. पितळी, वर गोल बोंड असलेलं, घामाने जरा काळवंडलेलं. मी ते पर्समध्ये टाकलं आणि तेव्हापासून ते तिथेच आहे. माझ्याबरोबर सिटी सेंटरला बँकेत जातं आणि माझ्याबरोबर जयेंद्रगंजला घरी येतं. वजनांच्या पेटीत परत ठेवायला हात धजत नाही. कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण या भानगडीत तुम्हीच मला अडकवून गेला आहात.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही. भेटायला येणारे तुमच्याबद्दल चांगलंच बोलतात. वजनमापे खात्यात असा सचोटीचा इन्स्पेक्टर झाला नाही, अख्खा दालबाजार त्यांना वचकून असायचा, असं सांगतात. मी चहा ठेवते, हो हो म्हणते. पण त्या इन्स्पेक्टरला मी कधी पाहिलं नाही. मी नाशिकहून या हिंदी मुलखात सून होऊन आले तेव्हा तुम्ही निवृत्त होऊन घरी बसला होतात, आणि माझं मराठी फार पुस्तकी आहे म्हणून मला चिडवत होतात. मी जो माणूस पाहिला तो खेळण्यांच्या दुकानात खाली फरशीवर मांडी घालून बसलेला असायचा, कानाला प्लॅस्टिकचं बदक लावून. त्याच्याबद्दल कुणीच काही बोलत नाही.

ती सकाळ मला परत परत दिसते. तुम्ही दिवाणावर बसला होतात, एक पाय वर दुमडून. समोर तुमची नात रेवा आणि तिची पितळी वजनांची पेटी. मी डबे भरत होते. तुमचा श्वास चढल्याचा आवाज आला, मी बाहेर आले तर तुमचा सदरा घामाने भिजला होता. निखिलने तुम्हाला उचलून गाडीत घातलं. डावी मूठ मिटलेलीच होती, आम्हाला वाटलं दुखतंय म्हणून असेल. तुम्ही जाताना वळून रेवाकडे पाहिलंत. ती पेटीकडे पाहत होती. पेटीत वजनाचं एक भोक रिकामं होतं.

अण्णा, ते अजून रिकामं आहे. रोज सकाळी ती पेटी ओढत दिवाणासमोर आणते. किलोचं वजन आधी, मग अर्धा किलो, मग दोनशेची दोन, मग शंभर. शेवटच्या भोकाशी आली की त्यात बोट घालते आणि दिवाणाकडे बघते. बराच वेळ बघते. मग झाकण लावते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते. रडत नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, मी तिला जवळ तरी घेतलं असतं.

आता मला सांगा, मी काय करू? ते वजन भोकात ठेवून टाकलं तर पेटी भरेल आणि ती शांत होईल. पण मग ते मुठीतून घ्यायला शिकवण्यात तुम्ही महिनोन् महिने जी मेहनत केलीत ती संपली. आणि मी ते मुठीत धरून तुमच्या जागी बसले, आणि तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तर? ती भीती मला निखिललाही सांगता येत नाही. आई आहे मी तिची.

आपलं खेळण्यांवरचं भांडण कुठून सुरू झालं ते आठवतंय का? डॉक्टरांनी रेवाला ऑटिझम आहे असं सांगितलं त्या संध्याकाळी घरात कुणी दिवा लावला नव्हता. निखिल मोबाइलवर वाचत बसला होता. त्याने मोठ्याने एक शब्द वाचला, स्वमग्न. तुम्ही म्हणालात, "मग्न आहे हे तर बरोबर. पण स्वतःत कुठे? ती तर त्या डब्याच्या झाकणात मग्न आहे." खरंच ती साखरेच्या डब्याचं झाकण फरशीवर भिंगरीसारखं फिरवत होती आणि ते थांबेपर्यंत श्वास रोखून बसत होती. आम्ही दोघं रडत होतो आणि तुम्ही उठून तिच्यासमोर खाली बसलात. ती कधी बरी होईल, हे तुम्ही तेव्हाही विचारलं नाहीत आणि नंतरही कधी नाही. त्याबद्दल मी तुमचे आभार मानायला हवे होते. घरात सासऱ्याचे आभार मानायची पद्धत नसते, म्हणून राहून गेलं.

मग घरात खेळण्यांचा पूर आला. ज्याला कळलं त्याने एक खोका पाठवला. प्रत्येक खोक्यावर लिहिलेलं असायचं, बुद्धी वाढवणारं, शिकवणारं, हुशार करणारं. माणसं काय बोलावं ते न सुचलं की खेळणी देतात. चमकणारा चेंडू, टाळ्या वाजवणारं माकड, हात लावला की किंचाळणारी आगगाडी. रेवा कानांवर हात ठेवून पलंगाखाली जायची. ती हाताला चिकटणारी रंगीत माती आठवते? तिच्या नुसत्या वासाने रेवाला ओकारी झाली होती. आणि त्या सगळ्यांत माझा लाडका तो गाणारा इंग्रजी टॅबलेट. कळ दाबली की एक परदेशी बाई एबीसीडी म्हणायची.

रेवा पूर्ण एबीसीडी म्हणायला लागली. अगदी त्या बाईच्या हेलात! मी आनंदाने वेडी झाले. येईल त्याला ऐकवायची. पोरगी बोलायला लागली म्हणून नाशिकला फोन केले. तुम्ही पेपरातून डोकंही वर न काढता म्हणालात, "अगं अनघा, ती बोलून नाही राहिली. ती वाजून राहिली आहे."

मला इतका राग आला की मी तुमच्याशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं, असं निखिलला ऐकवलंही. तहान लागली की रेवा अजून माझं मनगट धरून मला फिल्टरपाशी ओढत नेते, पाणी म्हणत नाही, हे मलाही दिसत होतंच. पण माणसाला कुठेतरी आनंद हवा असतो. मग एके दिवशी त्या टॅबलेटचे सेल उतरले. ती बाई रडवेल्या, जाड आवाजात ए... बी... असं ओढून म्हणायला लागली. आणि रेवा अगदी तशीच, तितक्याच जाड आवाजात, तितकंच ओढून म्हणायला लागली. आपण दोघं एकदम हसलो. तुमची कवळी हलेपर्यंत हसलात तुम्ही. हसता हसता मला रडू फुटलं आणि तुम्ही तो टॅबलेट उचलून कपाटावर ठेवलात. म्हणालात, "चल, चप्पल घाल. आपण दुकान बघून येऊ."

त्या दिवसापासून आपली वरात निघायला लागली. बाडा चौकातल्या जुन्या दुकानांपासून सिटी सेंटरच्या काचेच्या शोरूमपर्यंत एक दुकान आपण सोडलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते तुमच्याकडे बघून पटायचं. दुकानदार खेळणं पुढे करायचा आणि तुम्ही त्याची तपासणी सुरू करायचात. आधी कानाला लावायचं. मग गालावरून फिरवायचं. मग वास. मग उलटं करून झटकायचं, काही सुटं निघून येतं का ते बघायला. मग कडांवरून अंगठा. मी ओशाळून दाराकडे सरकायची.

"ये क्या-क्या करता है?" तुम्ही विचारायचात.

"बाबूजी, सब करता है. गाना गाता है, लाइट जलती है, चलता भी है, नाचता भी है."

"बंद भी होता है?"

एकदा एकाने हात जोडले. "बाबूजी, खिलौना लेना है कि छापा मारना है?" तुम्ही जराही न लाजता म्हणालात, "आदत है, भैया." आणि त्याच्याकडून एक साधा लाकडी मनोरा घेतलात, ज्यात नुसत्या चकत्या एकावर एक चढवायच्या असतात. दुसऱ्या एका दुकानात ती चुणचुणीत मुलगी म्हणाली होती, ये ऑटिस्टिक बच्चों के लिए बेस्ट है. तुम्ही शांतपणे विचारलंत, "आपने हमारी बच्ची को देखा है?" ती बिचारी गोरीमोरी झाली. बाहेर आल्यावर मी तुमच्यावर चिडले आणि मग आपण दोघांनी कचोरी खाल्ली.

गंमत अशी की मी आठवडाभर वाचून, व्हिडिओ बघून जे गोळा करून आणायची, ते तुम्ही तुमच्या हिशेबाने आधीच बोलून मोकळे झालेले असायचात. एका खेळण्याने एकच काम करावं. आवाज, उजेड, रंग सगळं एकदम अंगावर आलं तर पोर गोंधळते. खोक्यावरचं वय बघू नये, पोर आत्ता कशात रमते ते बघावं. फिरणारी वस्तू आवडते ना, मग फिरणारीच द्या, पण अशी की फिरवायला दुसऱ्या हाताने धरावी लागेल. आणि तुमचं सगळ्यात आवडतं: चूक झाली तर ती खेळण्याने सांगावी, आईने नाही. "आई चूक सांगायला लागली की बच्ची आईपासून पळते. खेळण्याने सांगितली तर पुन्हा करून बघते." हे तुम्ही कुठे वाचलं होतंत असं मी विचारलं तर म्हणालात, कुठेच नाही, निखिलला गणित शिकवलं होतं. निखिल अजून तुमच्यासमोर बेरीज करायला घाबरायचा, हे आठवून मला हसू आलं होतं.

पेटी तुम्ही दालबाजारातून आणलीत. सुक्या मेव्याच्या एका जुन्या दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि मालकाने पितळी वजनं मोडीत काढायला ठेवली होती. तो तुम्हाला ओळखत होता, तशीच देत होता. तुम्ही पैसे दिलेत आणि वर पक्की पावती मागितलीत. निवृत्त झालेल्या माणसाला कोण लाच देणार आहे, असं मी म्हटलं तर तुम्ही माझ्याकडे अशी नजर टाकलीत की मी स्वयंपाकघरात गेले. मग अंगणात बसून तुम्ही सगळी वजनं चिंचेने घासलीत, गरम पाण्यातून काढलीत. रेवा वस्तू तोंडात घालते म्हणून पन्नासच्या खालची सगळी कपाटात टाकून चाबी लावलीत. आणि त्या लहान भोकांत लाकडाच्या गोल चकत्या तासून, घट्ट बसवून टाकल्यात, रिकामी भोकं दिसली तर पोर बेचैन होईल म्हणून. ते मला सुचलं नसतं.

पहिल्या दिवशी तिने किलोचं वजन दोन्ही हातांनी उचललं आणि मांडीवर घेऊन बसली. अण्णा, तिचे खांदे खाली आले. जन्मल्यापासून ते खांदे कानांशी चढलेले होते, ते खाली आलेले मी पहिल्यांदा पाहिले. मग तिला भोकांचा शोध लागला. वजन बरोबर भोकावर आलं की आतली हवा बाहेर ढकलत हळूहळू खाली उतरतं. चुकीच्या भोकात जातच नाही किंवा डुगडुगतं. कुणी चूक म्हणत नाही, कुणी शाबास म्हणत नाही. ती दिवसभर तेच करत राहिली. सगळ्या शहरातली शैक्षणिक खेळणी पालथी घालून आपल्याला हवं ते खेळणं एका काजू-बदामाच्या दुकानात मिळालं, हे मी बँकेत सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना.

इथवर आपलं पटत होतं. मग तुम्ही मूठ काढलीत.

एका सकाळी सगळी वजनं बसली आणि शेवटचं पन्नास सापडेना. ते तुमच्या मुठीत होतं. रेवाने सगळीकडे पाहिलं, मग ती किंचाळली, मग स्वतःचं मनगट चावायला लागली. मी धावत आले, तुमच्या हातातून ते वजन अक्षरशः हिसकावून घेतलं आणि तिला दिलं.

"अण्णा, तुम्ही तिला रडवता आहात!"

"ऐकून तर घे. पेटी तिला सगळंच देऊन राहिली आहे. मग ती माझ्याकडे कशाला बघेल?"

"नको बघू दे! शाळेत तिच्या हातातलं काढून घेतात, बागेत मुलं काढून घेतात. जगात एक तरी जागा अशी असू दे, जिथे सगळं जागच्या जागी असतं आणि कुणी काही काढून घेत नाही."

"मी काढून नाही घेतलं, बेटा. मी धरून बसलो आहे. येऊन घे म्हणून."

आपण थेरपिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी दोघांचं ऐकलं आणि हसून म्हणाल्या, "दोनों सही हैं. लेकिन बाबूजी, इतनी जल्दी नहीं." मग त्यांनी पायऱ्या सांगितल्या. आधी उघड्या तळहातावर वजन ठेवायचं, तिने नुसतं उचलायचं. मग बोटं थोडी वाकवायची. मग अर्धी मूठ. मग पूर्ण. घाई करायची नाही, रडली तर मागच्या पायरीवर यायचं. हे काम करायला तुमच्याइतका योग्य माणूस दुसरा नव्हता. उन्हाळा सरला, पाऊस येऊन गेला, तुम्ही रोज तिथे एक पाय दुमडून, डावा हात पुढे करून बसलात. उजव्या हातात कप असायचा म्हणून डावा. आणि दिवाळीच्या आगेमागे ती मूठ एक एक बोट सोडवून उघडायला लागली. करंगळीपासून. वजन भोकात उतरलं की तुम्ही जुन्या साहेबी थाटात म्हणायचात, "पास!"

तो एक शब्द तुम्ही विचार करून घेतला होतात. शाळेत हिंदी, टॅबलेटवर इंग्रजी, घरी आपलं सरमिसळ मराठी, आणि मॅडम म्हणत होत्या की थोडे शब्द, तेच शब्द. पास सगळीकडे पासच राहतो, असं तुमचं म्हणणं. तुम्ही तो म्हणायच्या आधी रेवा तुमच्या तोंडाकडे बघायची. वाट बघायची. तेवढा एक क्षण ती माणसाकडे बघायची. मी ऑफिसला निघायला उशीर करून स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहायची, तेवढ्यासाठी. तुम्हाला वाटायचं मी अजून रागावले आहे. मी रागावलेली नव्हते, अण्णा. मला फक्त तो शब्द ऐकून मग जायचं असायचं.

पण मी हरलेही नव्हते. शेवटच्या संध्याकाळचा वाद तुम्हाला आठवत असेलच. रेवाचा वाढदिवस जवळ आला होता. तुम्हाला तिच्यासाठी लाकडी तराजू घ्यायचा होता, दोन पारड्यांचा, एका पारड्यापाशी ती आणि दुसऱ्यापाशी आपल्यापैकी कुणी. मला मोठं, एकटीने जुळवायचं चित्रकोडं हवं होतं. बोलता बोलता माझ्या तोंडून ते निघालं, जे घरात कुणीच बोलत नाही.

"अण्णा, एक दिवस तुम्ही नसाल. मग आम्हीही नसू. तिला एकटीला खेळता आलं पाहिजे. माणूस लागणारं खेळणं माणसाबरोबर जातं."

तुम्ही हातातला कप खाली ठेवलात. मग म्हणालात, "जल्दी काय आहे? उद्या बोलू."

उद्या तुम्ही गेलात. आणि मी म्हटलं होतं तसंच झालं. खेळणं तुमच्याबरोबर गेलं. बरोबर ठरल्याचा असा राग कधी येऊ नये कुणाला. मी तुमच्या फोटोसमोर उभी राहून मनात भांडते आहे, की बघा, हेच म्हणत होते ना मी? आता ती रोज त्या भोकात बोट घालते, आणि तिला सांगायला माझ्याकडे शब्द नाही. मेले, देवाघरी गेले, तारा झाले, यांतलं काहीच तिच्यापर्यंत पोचत नाही. तिला एवढंच माहीत आहे की पन्नास तुमच्याकडे आहे.

दहाव्याला मीही गेले होते. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. दोन कावळे समोरच्या कठड्यावर बसलेले, पण खाली येईनात. गुरुजी म्हणाले, मनात काही राहिलं असेल तर बोला. निखिल म्हणाला, रेवाला जपू. निखिलचे मामा म्हणाले, वर्षश्राद्ध चुकणार नाही. कुणी घराचं बोललं, कुणी तुमच्या गावाकडच्या देवाचं. कावळे बसूनच. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिववून विधी उरकला. उन्हं फार झाली होती, सगळे दमले होते. मी पर्समध्ये हात घालून उभी होते. तुमचं काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं आणि ते मला चारचौघांत बोलता आलं नाही.

आज रविवार. निखिल मंडईत गेला होता. रेवाने नेहमीप्रमाणे पेटी ओढत आणली. मी पर्स उघडली, वजन उजव्या मुठीत घेतलं आणि तुमच्या जागी दिवाणावर जाऊन बसले. मला वाटत होतं की ती एक तर किंचाळेल, किंवा मला ओलांडून भिंतीकडे बघेल. दुसऱ्याची जास्त भीती वाटत होती.

किलो बसला. अर्धा किलो, दोनशे, दोनशे, शंभर. तिने रिकाम्या भोकात बोट घातलं आणि वर पाहिलं. माझी मूठ तिला दिसली. ती उठून आली, पण मुठीला हात लावेना. आधी तिने माझा एक पाय धरला आणि ओढून दिवाणावर घेतला. गुडघा दाबून दुमडला. मला कळेना ही काय करते आहे. मग माझी उजवी मूठ तिने बाजूला सारली आणि माझ्या रिकाम्या डाव्या हातावर थापट्या मारल्या. मी वजन डाव्या हातात घेतलं. मूठ मी जरा सैलच ठेवली होती, तिला त्रास नको म्हणून. ते तिला चाललं नाही. तिने माझी बोटं दाबून नीट घट्ट मिटवली. आणि मगच उघडायला लागली. करंगळीपासून.

पन्नास भोकात उतरलं. हवा ढकलत, हळूहळू. आणि ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

माझा आवाज निघेना, अण्णा. ती थांबली. मग तिने एक बोट माझ्या हनुवटीवर ठेवलं आणि दाबलं, त्या टॅबलेटची कळ दाबायची तसंच.

"पास," मी म्हणाले. तुमच्यासारखं जमलं नाही, फार रडवेलं झालं. तिला चाललं.

मला वाटलं आता ती झाकण लावेल. तिने पन्नास परत बाहेर काढलं, माझ्या डाव्या तळव्यावर ठेवलं, माझी बोटं एक एक करून मिटवली आणि पेटीसमोर आपल्या जागी जाऊन बसली. मग बाकीची वजनं बाहेर काढली, सावकाश.

वाद तुम्ही जिंकलात असं मी लगेच कबूल करणार नाही. आमच्यानंतर तिच्यासमोर कोण बसेल, याचं उत्तर तुम्ही देऊन गेलेला नाहीत, आणि माझ्याकडेही ते नाही. तिला एकटीलाही खेळता आलं पाहिजे, यावर मी ठाम आहे. ते चित्रकोडं मी आणणार. पण तराजूही आणणार. कुठला घ्यायचा ते मला कळत नाही, तेव्हा दुकानात जाऊन कानाला लावीन, गालावरून फिरवीन, वास घेईन. दुकानदाराला काय म्हणायचं ते म्हणू दे.

हे सगळं मी दिवाणावर बसून, मांडीवर कागद घेऊन लिहिते आहे. एक पाय दुमडलेला आहे आणि त्याला मुंग्या आल्या आहेत, तुम्ही तासन् तास कसे बसत होतात कोण जाणे. अक्षर वेडंवाकडं आलं आहे, कारण कागद सारखा सरकतो आणि तो धरायला डावा हात मोकळा नाही. रेवाचं शंभर बसलं आहे. ती आता इकडेच येते आहे.